पुढच्या जगात आम्ही नसतो का?

(कर्जत येथे सावित्रीबाई फुले जयंतीनिमित्त ३ जानेवारीला झालेल्या महिला मेळाव्यातील भाषण. बोलण्याची भाषा शक्यतो तशीच ठेवली आहे.)

मैत्रिणींनो,

आज सावित्रीबाईंची जयंती. अशा दिवशी मी मुलींचं शिक्षण, हुंडा, दारू, पाणी यांपैकी कशावर तरी बोलेन असं तुम्हाला वाटलं असेल. मी बोलणार आहे अंतराळयानावर. हसू नका. हा विषय डोक्यात कसा शिरला ते आधी सांगते.

मागच्या वर्षी एका शाळेच्या स्नेहसंमेलनाला गेले होते. सातवीच्या मुलांनी एक नाटुकलं बसवलं होतं, 'सन २१००' नावाचं. पुठ्ठ्याचं यान, त्याला चंदेरी कागद चिकटवलेला. यानात कप्तान, डॉक्टर, शास्त्रज्ञ. आणि त्यांना खायला आलेली परग्रहावरची दुष्ट बाई. ती झाली होती वस्तीवरची एक मुलगी. रंगानं काळी आणि वर्गात गणितात पहिली. नाटक बसवणाऱ्या बाईंनी मला कौतुकानंच सांगितलं, "हिला रंगवावंच लागलं नाही." मुलगी शेजारीच उभी होती. नंतर ती माझ्याजवळ आली आणि हळूच म्हणाली, "मावशी, पुढच्या जगात आम्ही नसतो का?"

मला उत्तर देता आलं नाही. ते शोधता शोधता मी पार अमेरिकेत जाऊन पोहोचले. त्या बाईंचाही मला राग आला नाही. जे टीव्हीवर आणि सिनेमात पाहिलं तेच त्यांनी स्टेजवर आणलं. तेव्हा मुळात तिथं काय दाखवतात ते पाहू.

तुम्ही म्हणाल, अमेरिकेतल्या काळ्या लोकांशी आपलं काय नातं? नातं जुनं आहे. जोतीरावांनी १८७३ साली 'गुलामगिरी' लिहिलं आणि ते अर्पण केलं अमेरिकेतल्या त्या लोकांना, ज्यांनी काळ्यांच्या गुलामीविरुद्ध लढा दिला. बाबासाहेबांनी १९४६ साली तिथले काळे विचारवंत डब्ल्यू. ई. बी. ड्युबॉईस यांना पत्र लिहिलं होतं. याच ड्युबॉईस यांनी १९२० साली एक विज्ञानकथा प्रसिद्ध केली होती, हे फार थोड्यांना माहीत आहे. धूमकेतूमुळं न्यूयॉर्क शहर मरून पडतं आणि उरतात एक काळा पुरुष आणि एक गोरी बाई. माणसं संपली तरी वर्णभेद संपतो का, हा त्या कथेतला प्रश्न. १९७२ साली आपल्या तरुणांनी मुंबईत दलित पँथर काढली, ते नावही तिकडच्या ब्लॅक पँथरवरून. म्हणजे आपण परक्याच्या घरात डोकावत नाही.

आता यानाकडं येते. १९६६ साली अमेरिकेत 'स्टार ट्रेक' नावाची मालिका सुरू झाली. ऐंशीच्या दशकात ती आपल्या दूरदर्शनवरही दाखवली गेली. त्यात यानावर एक काळी अधिकारी बाई होती, उहुरा. हे नाव आफ्रिकेतल्या स्वाहिली भाषेतल्या 'उहुरू' या शब्दावरून घेतलं, त्याचा अर्थ स्वातंत्र्य. काम करणारी अभिनेत्री निशेल निकोल्स. त्या काळात टीव्हीवरची काळी बाई म्हणजे बहुतेक मोलकरीण. ही मात्र अधिकाऱ्यांच्या पंगतीत बसलेली.

पण तिला काम काय होतं? कानाला यंत्र लावायचं आणि कप्तानाला सांगायचं की संपर्क जोडला. तीनशे वर्षांपुढचं जग आणि बाई टेलिफोन ऑपरेटर, तीही तोकड्या झग्यात! कंटाळून पहिल्या वर्षानंतर तिनं मालिका सोडायचं ठरवलं. तेवढ्यात एका कार्यक्रमात तिला मार्टिन ल्यूथर किंग भेटले. ते म्हणाले, सोडू नकोस. पहिल्यांदाच लोक आपल्याला बरोबरीच्या माणसांसारखं पाहतायत. ही हकीकत निकोल्सनं स्वतः अनेकदा सांगितली आहे. ती थांबली.

थांबल्यानं काय झालं? १९७७ मध्ये नासानं नव्या अंतराळवीरांची भरती काढली, तेव्हा स्त्रियांनी आणि काळ्या लोकांनी अर्ज करावेत म्हणून निकोल्स प्रचार करत फिरली. १९७८ च्या तुकडीत ३५ जण निवडले गेले. त्यात पहिल्यांदाच ६ स्त्रिया होत्या आणि ३ काळे पुरुष. पुढं १९९२ साली डॉ. मे जेमिसन अंतराळात गेली, अंतराळात जाणारी पहिली काळी स्त्री. लहानपणी उहुराला पाहिलं होतं, असं ती सांगते. नुसतं चित्र पाहून कोणी अंतराळात जात नाही. त्यासाठी शाळा लागते, पैसा लागतो, कायदा लागतो. काळ्या लोकांनी रस्त्यावर उतरून नागरी हक्कांचे कायदे मिळवले नसते तर एकट्या उहुरानं काही झालं नसतं. पण दार उघडल्यावर आत पाऊल टाकायचा धीर असं चित्र देतं.

दुसरी बाजूही बघा. 'टर्मिनेटर'चा दुसरा भाग १९९१ चा. त्यात एक हुशार काळा शास्त्रज्ञ आहे. जगाच्या नाशाचं यंत्र त्याच्याच संशोधनातून होणार असतं आणि ते थांबवताना तो जीव देतो. 'ज्युरासिक पार्क' १९९४ मध्ये हिंदीत डब होऊन आपल्याकडं आला, तुमच्यातल्या कित्येकींनी पाहिला असेल. वीज चालू करायला जातो तो काळा तंत्रज्ञ. परत मिळतो फक्त त्याचा हात. माणूस आला, पण शेवटापर्यंत टिकला नाही.

आणखी एक युक्ती आहे. झोई साल्दान्या नावाची काळ्या वंशाची अभिनेत्री घ्या. २००९ च्या 'अवतार'मध्ये ती निळी, २०१४ च्या 'गार्डियन्स ऑफ द गॅलॅक्सी'मध्ये हिरवी. तिच्या स्वतःच्या रंगात दिसली ती २००९ मध्येच, नव्या 'स्टार ट्रेक'मध्ये, आणि तिथंही भूमिका होती उहुराचीच. बाई हवी, तिचा आवाज हवा, अंगातली चपळाई हवी, रंग तेवढा नको.

यावर आपण अमेरिकेला नावं ठेवायला नकोत. कृष्ण या शब्दाचा अर्थच काळा. तो कॅलेंडरवर कोणत्या रंगाचा असतो? निळा. विठोबा सावळा चालतो, जमीन काळी असली की तिला आई म्हणतो. रेहेकुरीच्या माळावर लोक काळवीट बघायला लांबून येतात, नर जितका काळा तितका रुबाबदार. सून मात्र गोरी पाहिजे आणि बस्त्याआधी मुलीच्या हातात क्रीमची ट्यूब पाहिजे.

पण आपल्याकडं गोष्ट नुसत्या रंगाची नाही. जात कातडीवर दिसत नाही. काळ्या रंगाची माणसं सगळ्या जातींत आहेत आणि गोरीही. आपल्याकडं माणूस ओळखतात आडनावावरून, वस्तीवरून, बोलीवरून. म्हणून आपल्या कथासिनेमांत रंगाबरोबर नावंही वाचावी लागतात. मी वाचलेल्या मराठी विज्ञानकथांतले शास्त्रज्ञ आठवते तेव्हा मला पुण्या-मुंबईतले पुरुष आठवतात, ठरावीक आडनावांचे. त्यांच्या बायका चहा आणतात आणि बाळबोध प्रश्न विचारतात, म्हणजे वाचकाला विज्ञान समजावता येतं. २००३ च्या 'कोई मिल गया'त आकाशातून आलेला 'जादू' निळा, पण ज्या घरात येतो ते मेहरांचं. २०२४ मध्ये 'कल्की २८९८ एडी' आला. जवळजवळ नऊशे वर्षांपुढचं जग, तरी तारणारा जुन्या पुराणातूनच यायचा आणि बाईचं मोल तिच्या पोटातल्या बाळावरून.

नावावरून एक गोष्ट सांगते. जयंत नारळीकरांनी १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला पहिली विज्ञानकथा पाठवली ती टोपणनावानं, 'नारायण विनायक जगताप'. कथेचं नाव 'कृष्णविवर'. आपलं मोठं नाव पाहून परीक्षकांनी निकाल देऊ नये, हा त्यांचा प्रामाणिक हेतू. बक्षीस कथेला मिळालं. मला त्यांच्याविषयी आदर आहे. पण मला त्याच वेळी आपल्या मुली आठवतात. पुण्यात खोली बघायला गेल्या की त्याही आडनाव सांगत नाहीत. नारळीकरांनी नाव झाकलं ते फुकटचा फायदा मिळू नये म्हणून. आपल्या मुली झाकतात ते दार तोंडावर बंद होऊ नये म्हणून. एकाच कृतीत केवढं अंतर आहे बघा.

मग आपली माणसं पडद्यावर येतच नाहीत का? येतात. नागराज मंजुळे आपल्या शेजारच्या करमाळा तालुक्यातल्या जेऊरचे. त्यांचा 'फँड्री' १४ फेब्रुवारी २०१४ ला लागला. कैकाडी घरातला जब्या काळी चिमणी शोधत रानोमाळ फिरतो आणि शेवटी त्याचा दगड थेट आपल्याकडं, बघणाऱ्यांकडं येतो. तो लागायलाच हवा होता. पण त्यानंतर अडीच महिन्यांच्या आतच, २८ एप्रिलला, आपल्या शेजारच्या जामखेड तालुक्यात, खर्ड्याला, सतरा वर्षांच्या एका दलित विद्यार्थ्याचा खून झाला. वरच्या जातीच्या मुलीशी बोलतो या संशयावरून, असं सांगितलं गेलं. नोव्हेंबर २०१७ मध्ये सत्र न्यायालयात आरोपी निर्दोष सुटले.

मैत्रिणींनो, हे मला उगाच जोडायचं नाही. पण त्या मुलीचा प्रश्न मला खर्ड्यापाशीच नीट समजला. आपल्या दुःखाची चित्रं खरी आहेत, ती दाखवलीच पाहिजेत. पण आपल्या वाट्याला नुसती मार खाण्याची चित्रं यायची आणि उद्याची चित्रं दुसऱ्यांच्या वाट्याला जायची, तर त्याचा अर्थ काय होतो? ही माणसं आजवर सोसत आली आणि पुढं नसणारच आहेत, असा होतो. हाही एक बहिष्कारच. गावातल्या विहिरीवर येऊ नका म्हणणं आणि २१०० सालात येऊ नका म्हणणं यांत मला फरक दिसत नाही.

यावर काळ्या लोकांनी काय केलं? स्वतःची चित्रं काढली. ऑक्टेव्हिया बटलर नावाच्या काळ्या बाईनं १९७९ साली 'किंड्रेड' लिहिली. आजच्या काळातली काळी बाई त्यात पुन्हा पुन्हा गुलामगिरीच्या दिवसांत ओढली जाते. २०१८ साली 'ब्लॅक पँथर' सिनेमा आला. कधीच गुलाम न झालेला आफ्रिकेतला एक देश, आणि तिथलं सगळं तंत्रज्ञान कोणाच्या हातात? शुरी नावाच्या तरुण मुलीच्या. दिग्दर्शक काळा. कपडे रूथ कार्टर या काळ्या बाईनं केले आणि ऑस्कर घेतलं. नुसती एक काळी बाई यानात बसवण्यापेक्षा ही गोष्ट वेगळी. इथं यानच त्यांचं आहे.

आपल्याकडंही हे नवं नाही. १९०५ साली रोकेया सखावत हुसेन या बंगाली मुसलमान बाईनं 'सुलतानाज ड्रीम' ही कथा लिहिली. ती मद्रासच्या एका बायकांच्याच मासिकात छापून आली. त्यात बाया राज्य करतात, सूर्याच्या उष्णतेवर स्वयंपाक करतात आणि आभाळातलं पाणी नळ्यांनी खाली ओढून घेतात. टँकरची वाट बघत हंडे मांडून बसणाऱ्या आपल्या तालुक्यातल्या बाईला ही कथा मी सांगितली, तर तिला विज्ञान समजावून सांगावं लागणार नाही.

म्हणून आज दोन कामं सांगते. पहिलं, टीव्हीसमोर मुलांबरोबर बसाल तेव्हा पाच प्रश्न विचारा. आपल्यासारखी बाई यात आहे का? तिला नाव-आडनाव आहे का? ती दुसऱ्याचा निरोप सोडून स्वतःचं काही बोलते का? तिचा रंग तिचाच ठेवलाय का? आणि ती शेवटपर्यंत जिवंत राहते का?

दुसरं, आपापल्या गावच्या शाळेत जा. भांडायला नको. एवढंच म्हणा, की यंदाच्या संमेलनात भूमिका चिठ्ठ्या टाकून वाटा. कप्तान कोण, शास्त्रज्ञ कोण, राक्षसीण कोण, सगळं चिठ्ठीवर. ज्याच्या वाट्याला जे येईल ते. गोऱ्या मुलीला राक्षसीण व्हावं लागलं तर तिला रंग फासावा लागेल का, यावर चर्चा होईल. ती होऊ द्या. खरं शिक्षण तिथंच सुरू होईल.

त्या मुलीला मी अजून उत्तर दिलेलं नाही. पण एक जाडजूड दोनशे पानी वही देऊन आले आहे. म्हटलं, २१०० सालातलं कर्जत कसं असेल ते तू लिही. माणसांची नावं तूच ठेव. परवा भेटली तेव्हा अकरा पानं झाली होती. वाचायला दिली नाहीत. म्हणाली, "मावशी, अजून पाणी आणायचं राहिलंय."

सावित्रीबाईंच्या या लेकींचं पाणी येईपर्यंत आपण सोबत राहू. जय ज्योती, जय क्रांती, जय भीम.