स्पॅनिश वाङ्मय आणि आपण
(तेर येथे ज्ञातिमंडळाच्या वार्षिक मेळाव्यात दिलेले व्याख्यान)



मंडळाच्या चालकांनी मला बोलण्याची आज्ञा केली आणि विषय निवडण्याची मुभाही दिली. ‘स्पॅनिश वाङ्मयाचा अभ्यास’ हा विषय मी कळविला तेव्हा काहींना हसू आले. गोरोबाकाकांच्या तेरेत, कुंभारांच्या मेळाव्यात, स्पेन देशाचे काय काम, ही शंका रास्त आहे. तिचे समाधान प्रथम करतो.

आपल्या समाजातील काही मुले-मुली आज पुण्यास राहून स्पॅनिश भाषा शिकतात. तेथील विद्यापीठाच्या परकीय भाषा विभागात ती शिकविली जाते, आणि जगातील वीसएक देशांचा कारभार त्या भाषेत चालत असल्याने तिच्या आधारे चरितार्थही चालतो. ही आनंदाची गोष्ट आहे. परंतु भाषा शिकून तिच्या वाङ्मयाकडे पाठ फिरविणे म्हणजे घागर विकत आणून ती पाण्यावाचून कोनाड्यात ठेवणे होय. शिवाय दूरदेशाचा संबंध तेरला नवा नाही. पहिल्या शतकातील एका ग्रीक दर्यावर्दी ग्रंथात ‘तगर’ या नावाने आपल्या गावाचा उल्लेख आहे. येथला माल गाड्यांतून भडोचला जाई आणि तेथून गलबतांनी रोमी साम्राज्याकडे. त्या काळी स्पेन हा रोमचाच एक प्रांत होता. लामतुरे संग्रहालयातील मृण्मय मूर्ती आणि खापरे पाहिली म्हणजे आपल्या पूर्वजांचे हात किती दूरवर पोचले होते याची कल्पना येते.

मी मॅट्रिकपर्यंत शिकलेला मनुष्य. स्पॅनिश मला येत नाही. इंग्रजी आणि मराठी भाषांतरांवर माझी मदार आहे. म्हणजे दुसऱ्याच्या ओंजळीने पाणी प्यालो आहे, पण तहान माझी होती. आणि परीक्षेचे साधन मात्र आपल्या घरचे घेतले. संतमेळ्यात मुक्ताबाईंच्या सांगण्यावरून गोरोबाकाकांनी थापटणे हाती घेतले आणि कोणते मडके कच्चे, कोणते पक्के, हे वाजवून पाहिले, ही कथा आपल्यातील पोरासोरांस ठाऊक आहे. मी प्रत्येक वाङ्मयप्रकाराला एकच प्रश्न विचारला: कष्टकरी मनुष्याला आणि त्याच्या जनावराला येथे कोणते स्थान आहे? जनावर म्हणजे आपले गाढव. त्याच्यावरून आपल्या मुलांना शाळेत काय काय ऐकावे लागले, ते येथे बसलेल्यांना सांगावयास नको.

आरंभ कथेपासून करू. स्पॅनिश कथावाङ्मयाच्या उगमाशी एक भारतीय ग्रंथ उभा आहे. आपले पंचतंत्र सहाव्या शतकात पहलवीत, आठव्या शतकात अरबीत आणि इ. स. १२५१ मध्ये ‘कलीला ए दिम्ना’ या नावाने स्पेनच्या कॅस्टिलियन भाषेत गेले. कोल्ह्याच्या गोड बोलण्याला दोनदा भुलून सिंहाच्या तोंडी सापडलेल्या गाढवाची गोष्ट त्यात आहे. म्हणजे आपले गाढव पावणेआठशे वर्षांपूर्वीच स्पेनला पोचले, आणि तेही मूर्ख म्हणून! पंचतंत्राच्या ज्या चौथ्या तंत्रात ही गोष्ट येते, त्यातच युधिष्ठिर नावाच्या कुंभाराचीही गोष्ट आहे. खापरांवर पडून त्याच्या कपाळाला व्रण झाला. राजाला ती रणांगणावरील जखम वाटली आणि त्याने त्याला मानाने पदरी ठेविले. पुढे राजाने विचारताच कुंभाराने खरे ते सांगितले, आणि राजाने त्याला हाकलून दिले. सिंहिणीने वाढविलेले कोल्ह्याचे पोर हत्ती पाहताच कसे पळाले, हा दृष्टांतही वर ऐकविला. थोडक्यात, जन्म सुटत नाही. खरे बोलल्याची ही बक्षिसी ध्यानात ठेवावी. पुढे तिची गरज पडणार आहे.

कथेकडून कादंबरीकडे येताना दोन माणसे भेटतात. पहिला लाझारियो. १५५४ साली छापलेल्या या पुस्तकाचा कर्ता अज्ञात आहे. लाझारियो हा तोर्मेस नदीवरील पाणचक्कीवाल्याचा पोरगा. आंधळ्या भिकाऱ्यापासून उपाशी पण अभिमानी सरदारापर्यंत अनेक धन्यांची चाकरी करून तो तोलेदो शहरात एका धर्मगुरूच्या पदरी लागतो. तेथे त्याला एक गाढव आणि चार मातीच्या घागरी मिळतात, आणि तो शहरभर पाणी विकू लागतो. जन्मात प्रथमच पोटभर अन्न मिळते. चार वर्षे पैसा साठवून तो जुना पण नीटनेटका पोशाख आणि एक तलवार विकत घेतो. अंगावर तो पोशाख चढताच गाढव धन्याला परत करतो आणि हा धंदा आता नको म्हणून सांगतो. पुढे त्याला सरकारी दवंडीवाल्याची जागा मिळते, पण ती लाचारीने आणि अब्रूकडे डोळेझाक करून.

दुसरा सांचो पांझा. सर्व्हांतेस या लेखकाचा एक हात १५७१ च्या आरमारी लढाईत निकामी झाला होता आणि पाच वर्षे त्याने अल्जियर्स येथे कैदेत काढली होती. त्याच्या ‘डॉन किहोते’चे दोन भाग १६०५ आणि १६१५ साली निघाले. नायक वीरकथा वाचून वेडावलेला सज्जन गृहस्थ, आणि त्याचा सेवक सांचो हा निरक्षर शेतकरी. सांचो गाढवावर बसतो आणि वाक्यागणिक म्हणी बोलतो. आपल्या चावडीवर तो कोणालाही परका वाटला नसता. एक उमराव जोडपे त्याची टवाळी करण्यासाठी त्याला खोटे खोटे एका बेटाचे सुभेदार नेमते. परंतु सांचो न्यायाला बसतो आणि हसणारे थक्क होतात. एका म्हाताऱ्याने उसनी घेतलेली सोन्याची नाणी फेडली असल्याची शपथ वाहिली. शपथ वाहताना हातातील काठी त्याने सावकाराला क्षणभर धरावयास दिली. सांचोने ती काठी मोडविली, तो आत नाणी निघाली! पुढे ही थट्टा असह्य झाल्यावर तो पद सोडतो, तबेल्यात जातो, आपल्या गाढवाच्या गळ्यात हात घालून रडतो आणि निघतो. सुभेदारीतून तो स्वतःसाठी अर्धी पाव-रोटी व अर्धे चीज, आणि गाढवासाठी थोडेसे सातू, एवढेच मागून घेतो.

बंधूंनो, एक जण पोशाखासाठी गाढव सोडतो, दुसरा गाढवासाठी सिंहासन सोडतो. आपण गाढवाकडे परत जावे असे मी म्हणत नाही. पाठीवर माती वाहण्याचे दिवस संपले ते बरेच झाले. मी म्हणतो ते एवढेच की, नवा पोशाख घालताना जुन्याची लाज बाळगणारा मनुष्य पुढे कोणाचीही लाचारी पत्करतो. आणि पंचतंत्रातील राजाने ज्या तर्काने कुंभाराला हाकलले, तो तर्क सर्व्हांतेसने सांचोच्या न्यायासनावर खोटा पाडला. आपल्याकडे तो त्याच्याही तीनशे वर्षे आधी खोटा पडला होता, कारण संतांची परीक्षा घेण्याचा अधिकार एका कुंभाराला मिळाला होता.

आता काव्य आणि भक्तिवाङ्मय. आपल्याकडे पैठणास एकनाथ महाराज होते त्याच शतकात स्पेनमध्ये आविला गावची तेरेसा (१५१५ ते १५८२) आणि क्रूसाचा हुआन (१५४२ ते १५९१) हे दोन संत झाले. हुआन गरीब विणकराच्या घरचा. स्वतःच्याच पंथातील साधूंनी त्याला १५७७ साली तोलेदो येथे कोंडून ठेविले, आणि त्या अंधाऱ्या खोलीत त्याने स्पॅनिश भाषेतील अत्यंत मधुर काव्य रचले. तेरेसाने आत्मचरित्रात प्रार्थनेच्या चार पायऱ्या बागेच्या पाण्याच्या दृष्टांताने समजाविल्या आहेत. पहिले पाणी विहिरीतून हाताने शेंदावयाचे, दुसरे रहाटाने काढावयाचे, तिसरे ओढ्याच्या पाटाने येते, आणि चौथे पाणी म्हणजे पाऊस, तेथे माळ्याला काही करावे लागत नाही. रहाटगाडग्याची गाडगी घडविणाऱ्या लोकांना हा दृष्टांत उलगडून सांगण्याची आवश्यकता नाही. स्पेनमध्येही त्या रहाटाला मातीची गाडगी बांधीत.

नाटकाचा विचार करताना लोपे दे वेगाचे ‘फुएन्तेओवेहुना’ अवश्य वाचावे. हे १६१९ साली छापले गेले. एका गावातील जुलमी अधिकाऱ्याला सारे गाव मिळून ठार करते. चौकशीत म्हाताऱ्यांना आणि पोरांनाही यातना दिल्या जातात, परंतु मारेकरी कोण या प्रश्नाला प्रत्येक जण गावाचे नाव सांगतो. अखेर राजाला गावाला क्षमा करावी लागते. एकीवर भाषणे पुष्कळ होतात; एकी कशी असते ते या नाटकात दिसते. असली जुनी नाटके १९३२ पासून लोर्का या कवीने विद्यार्थ्यांची मंडळी घेऊन खेडोपाडी, चौकाचौकांत करून दाखविली. यादवी युद्धाच्या आरंभी, ऑगस्ट १९३६ मध्ये, त्याची हत्या झाली. मूल नसलेल्या स्त्रीच्या दुःखावरील त्याचे ‘येर्मा’ हे नाटक ‘चांगुणा’ या नावाने मराठीत आले. जयदेव हट्टंगडी यांनी ते बसविले आणि रोहिणी हट्टंगडी यांनी त्यात चांगुणा उभी केली. ज्या घरात सुनेला वांझ म्हणून टोचून बोलतात त्या प्रत्येक घराने हे नाटक ऐकावे.

गद्यकाव्य म्हणतात त्या प्रकारात हुआन रामोन हिमेनेथ यांचे ‘प्लातेरो आणि मी’ हे पुस्तक माझे अत्यंत आवडते. १९१४ साली ते प्रथम निघाले आणि १९५६ साली लेखकाला नोबेल पारितोषिक मिळाले. रवींद्रनाथांची पुस्तके त्यांच्या पत्नीने त्यांच्या साहाय्याने स्पॅनिशमध्ये नेली. प्लातेरो हे एक लहानसे, मऊ केसांचे गाढव. खेड्यातील मुले, भिकारी, फुले, पाऊस, या साऱ्यांची हकीकत लेखक त्या गाढवाला सांगतो. एका प्रकरणात कोशातील गाढवाविषयीचा उपहास वाचून तो व्यथित होतो आणि सुचवितो की चांगल्या माणसाला गाढव म्हणावे. ज्यांना शाळेत ‘गाढव’ म्हणून हिणविले गेले त्यांनी हे प्रकरण मुलांना मोठ्याने वाचून दाखवावे.

स्पॅनिश भाषा समुद्र ओलांडून अमेरिका खंडात गेली ती तलवारीच्या बळावर, हे विसरू नये. परंतु जिंकलेल्यांच्या वंशजांनी तीच भाषा आपल्या दुःखाची केली. तेथेही एक मराठी माणूस आपल्याआधी पोचला होता. वर्ध्याचे क्रांतिकारक पांडुरंग खानखोजे १९२४ पासून मेक्सिकोत राहिले, चापिंगो येथील शेतकी विद्यालयात अध्यापक झाले, मक्याच्या वाणांवर त्यांनी संशोधन केले आणि शेतकऱ्यांसाठी मुक्त शाळा चालविल्या. तेथील शिक्षणखात्याच्या भिंतीवर दिएगो रिवेरा या चित्रकाराने त्यांना भाकरी वाटताना रंगविले आहे. त्याच मेक्सिकोतील हुआन रुल्फो यांच्या १९५३ च्या कथासंग्रहात चार शेतकरी सरकारने दिलेली जमीन पाहावयास उजाड माळावरून चालत असतात. पावसाचा एक थेंब पडतो आणि तोही जमीन पिऊन टाकते. तक्रार केली तर अधिकारी ती लेखी द्या म्हणतो. एकाने कोंबडी उराशी धरलेली असते. ही कथा वाचताना मला मराठवाड्याचा १९७२ चा दुष्काळ आठवला. चिली देशातील गाब्रिएला मिस्त्राल ही खेड्यातील शिक्षिका. १९४५ साली तिला वाङ्मयाचे नोबेल पारितोषिक मिळाले, आणि वाङ्मयाचे ते लॅटिन अमेरिकेतील पहिले. तिचाच देशबांधव पाब्लो नेरुदा याने १९५४ च्या संग्रहात कांद्यावरही स्तोत्र रचले. कांद्यावर स्तोत्र होऊ शकते, तर रांजणावर का होऊ नये?

येथेच माझ्या बोलण्याचे सार आहे. परक्या वाङ्मयाचा अभ्यास करावा तो आपल्या घरातील मुक्या वस्तूंना वाचा फुटावी म्हणून. सांचोच्या म्हणी सर्व्हांतेसने टिपल्या म्हणून चारशे वर्षे टिकल्या. आपल्या आजीच्या म्हणी कोणी टिपल्या? चाक, आवा, थापटणे यांच्याभोवतीचे शब्द आणि मडकी घडविताना बायकांनी म्हटलेल्या ओव्या प्लॅस्टिकच्या बादल्यांबरोबरच नाहीशा होत आहेत. जी मुले स्पॅनिश शिकतात त्यांनी क्रमाने वाचावे. प्रथम प्लातेरो, मग रुल्फोच्या कथा, मग एखादे नाटक मोठ्याने, आणि शेवटी, घाई न करता, डॉन किहोते. प्रत्येक पुस्तकानंतर आपल्या घरातील एका वृद्ध माणसाजवळ वही घेऊन बसावे.

मंडळाला माझी एकच विनंती आहे. गुणवंत विद्यार्थ्यांना आपण दरवर्षी शाल-श्रीफळ देतो. त्यातील श्रीफळ राहू द्यावे आणि शालीच्या जागी ग्रंथ द्यावा. त्याच्याबरोबर एक कोरी वहीही द्यावी. ती वही पुढील वर्षी भरून आली तर तिच्यातील वेचे याच स्मरणिकेत छापावेत. कच्चे मडके कोणते आणि पक्के कोणते, ते मग आपल्याला वाजवून पाहता येईल.