पाकीट लहान, खर्च तेवढाच

पेणच्या पोह्याच्या पापडांना गिऱ्हाईक आहे, पण कोणता माल पैसे देतो हे किलोच्या हिशेबात कळत नाही.

समजा, पॅकिंगची तासावारी मजुरी महिन्याला 3000 रुपये झाली. पापडांची किलोची 100 पाकिटं, मिरगुंडांची 100 ग्रॅमची 500. माल 150 किलो, म्हणून आपण सरसकट किलोला 20 रुपये धरतो. पण वजन करा, सील मारा, लेबल लावा, पाकीट लहान असो की मोठं, वेळ तेवढाच! म्हणजे पाकिटाला 5 रुपये. पापडाला किलोमागे 5, मिरगुंडांना 50. बाकी खर्च जाऊन मिरगुंडांच्या किलोला 45 उरत असतील, तर 5 रुपये पदरचे गेले.

हायवेवर छोटी पाकिटं पटापट उचलतात म्हणे. उचलणारच! पाकिटामागे 1 रुपया वाढवा, नाहीतर पाव किलोचं करा. मग किलोला 4 पाकिटं, पॅकिंग 20 रुपये.