साभार पोच

(जुन्नर-आंबेगावच्या तरुणांच्या बैठकीत केलेले भाषण)



मी गोदीत माल उतरवतो. शिक्षण मॅट्रिक. विद्वत्ता ऐकायला आला असाल तर चुकलात.

माझा कवितासंग्रह ओव्हरटाइमच्या पैशावर निघाला. एका दैनिकाला रिवाजाप्रमाणे दोन प्रती पाठवल्या. चार महिन्यांनी रविवारच्या पुरवणीत, पार तळाला, ‘साभार पोच’मध्ये एक ओळ आली. नाव, पानं, किंमत. माझं आडनाव चुकलेलं. आईनं ती ओळ कापून वंदनेच्या पुस्तकात ठेवली. पोरगा पेपरात आला म्हणून ती खूष. मला रात्रभर झोप नाही.

मग चौकशी केली, हे पान भरतं कसं? पुस्तकं ढीगभर, जागा एक पान. जाहिरात आली की तेही अर्धं. बड्या प्रकाशकाचा फोन येतो, छोट्याचं पाकीट येतं. परीक्षण लिहिणारे ठरलेले, तेही ओळखीतलं पुस्तक आधी उचलतात. इथं कुणी कट करत नाही. कट करायची गरजच पडत नाही. ज्याची ऊठबस त्याचं पुस्तक ‘महत्त्वाचं’, बाकीचं रद्दीत.

हे आजचं नाही. चिपळूणकरांनी ‘निबंधमाले’त जोतीराव फुल्यांची पुस्तकं घेतली ती व्याकरणाच्या चुका काढून टिंगल करायला. विचाराला उत्तर दिलं नाही, भाषेला हसले. १९२० साली बाबासाहेबांच्या ‘मूकनायक’ची जाहिरात ‘केसरी’नं पैसे घेऊनसुद्धा छापायला नकार दिला. आपली पोच अशी! शेजारच्या खेड तालुक्यातला नामदेव ढसाळ. १९७२ ला त्याचा ‘गोलपिठा’ आला तो विजय तेंडुलकरांची प्रस्तावना घेऊन. तेंडुलकरांनी मनापासून लिहिलं, त्यांचा राग नाही. पण आपल्या कवितेला आत जायला कुणाचा तरी हात धरावा लागतो, हे मला सलतं.

आता कडू बोलतो. फक्त त्यांनाच शिव्या घालून भागणार नाही. फुल्यांच्या ‘शेतकऱ्याचा असूड’ची पहिली दोन प्रकरणं ‘दीनबंधू’त आली आणि पुढची थांबली. ‘दीनबंधू’ तर आपल्याच चळवळीचा पेपर! आणि आपली ही मासिकं? मित्राचं पुस्तक आलं की ‘क्रांतिकारी’, भांडण झालं की दोन ओळी नाहीत. बायांच्या पुस्तकावर कोण लिहितं? आंबेगावच्या डोंगरातल्या महादेव कोळी पोरानं वहीभर लिहिलं, ते कुणी मागून वाचलं? आपणही ‘साभार पोच’च देतो.

तुमच्याच ओतूरच्या बाळाजी कुसाजी पाटलांनी १८८४ च्या सुमारास भटाशिवाय लग्नं लावली. प्रकरण मुंबईच्या हायकोर्टापर्यंत गेलं. माणूस हटला नाही. लग्नाला भट लागत नाही, मग पुस्तकाला का लागावा?

म्हणून माझं मागणं एवढंच. दर महिन्याला एक पुस्तक घ्या. एकदा जुन्नरला, एकदा घोडेगावला बसा. मोठ्यानं वाचा. ज्याला वाचता येत नाही त्यालाही विचारा, खरं वाटलं का? मग लिहा. कच्चं असेल तर कच्चं लिहा, दोस्ताचं असलं तरी. छापताना लेखकाचं आडनाव मात्र दोनदा तपासा.

सुरुवात माझ्या पुस्तकापासून करा. पिशवीत दहा प्रती आहेत. फुकट नाही देणार.

जयभीम.