एका घरात दोन मालक : मेश वाय-फाय कसं दुरुस्त करावं

मी बंगळुरूच्या महादेवपुऱ्यातून बोलतोय. आजचा विषय घरातलं वाय-फाय. म्हणजे एका राउटरवर भागत नाही म्हणून आपण दोन-तीन राउटर लावतो, त्याला मेश म्हणतो, आणि मग पहिल्यापेक्षा जास्त डोकेदुखी होते, तो विषय. तुम्ही पुण्यात असा, बेळगावात असा नाहीतर इंदुरात, गोष्ट सगळीकडे सारखीच आहे. हातात एक वही-पेन घेऊन बसा, उपयोग होईल.

आधी माझ्या घरी काय झालं ते सांगतो, कारण चूक माझीच होती.

आमचा फ्लॅट लांबट आहे. दारापाशी हॉल, मग बोळासारखा पॅसेज आणि टोकाला आईची खोली. फायबर दारापाशी येतं, तिथेच कंपनीने दिलेला डबा. आई मिरजेहून आमच्याकडे राहायला आली, तेव्हा तिच्या खोलीत नेट पोचत नव्हतं. मी दोन डब्यांचा मेश संच आणला. एक कंपनीच्या डब्याशेजारी केबलने जोडला, दुसरा आईच्या खोलीत ठेवला. आईला पुन्हा पासवर्ड टाकायला लागू नये म्हणून मेशला तेच नाव आणि तोच पासवर्ड दिला, जो कंपनीच्या डब्याला होता. वेग मोजला. हॉलमध्ये नव्वद, आईच्या खोलीत सत्तर. मी खूश.

आई रोज संध्याकाळी मावशीला व्हिडिओ कॉल करते. मावशी सांगलीला एकटी असते. महिन्याभरात माझ्या लक्षात आलं, की आईने फोन करणं बंद केलंय. विचारलं तर म्हणाली, "तिला बोलायचं नसंल तर ऱ्हाऊ दे. अर्ध्यातच फोन कापती." मग मी मावशीला फोन लावला. मावशी म्हणाली, "अरे, तीच कापते! मी काही बोलले का तिला?" दोघींच्या मनात जुन्या घराच्या वाटणीचा विषय होता. दोघींना वाटलं, दुसरी त्यावरून रुसली आहे.

मी पुन्हा वेग मोजला. हॉलमध्ये नव्वद, खोलीत सत्तर. मी आईला सांगून टाकलं, "नेटमध्ये काही बिघाड नाही." म्हणजे दोष मावशीचा, असंच ते झालं ना?

मग एका संध्याकाळी मी आईला समोर बसून फोन लावायला सांगितलं आणि नुसतं बघत राहिलो. हॉलमध्ये फोन लागला. टीव्हीचा आवाज म्हणून आई उठली, बोलत बोलत आपल्या खोलीकडे निघाली. पॅसेज ओलांडला आणि चित्र थिजलं. दहा सेकंद, पंधरा सेकंद. आईने "हॅलो, हॅलो" केलं आणि लाल बटण दाबलं. तिकडे मावशीला दिसलं, आईने फोन ठेवला.

मी उभा राहून मोजत होतो. आई चालत होती. बिघाड चालण्यात होता.

आता हे का झालं ते समजून घेऊ. आमच्या इथे पर्पल लाइनची मेट्रो आहे. कृष्णराजपुरा ते व्हाइटफील्ड या टप्प्याचं उद्घाटन २५ मार्च २०२३ ला झालं. गरुडाचारपाळ्याला बसलात आणि हुडीकडे निघालात, तर मोबाइलवरचा कॉल सहसा तुटत नाही. कारण मोबाइलच्या जगात फोन कोणत्या टॉवरकडे सोपवायचा, हे नेटवर्क ठरवतं. वाय-फायमध्ये तसं नाही. इथे जुना राउटर कधी सोडायचा आणि नवा कधी धरायचा, हे फोन स्वतः ठरवतो. राउटर फार तर सुचवू शकतो.

फोनने नवा राउटर धरला, की तो गृहीत धरतो : नाव तेच, म्हणजे घर तेच, माझा पत्ताही तोच. प्रत्येक उपकरणाला घरातल्या घरात एक आयपी पत्ता मिळतो. आमच्याकडे कंपनीचा डबा १९२.१६८.१ ने सुरू होणारे पत्ते वाटत होता. आणि मेशचा मुख्य डबाही स्वतःला मालक समजून १९२.१६८.० चे पत्ते वाटत होता. एका घरात दोन मालक. बाहेर पाटी एकच, आत दोन वेगळी घरं. आई पॅसेज ओलांडायची तेव्हा फोनचा पत्ता बदलायचा. चालू कॉल जुन्या पत्त्यावर बांधलेला, तो लटकायचा. याला तांत्रिक भाषेत डबल नॅट म्हणतात.

बंगळुरूत कुठेही अडचण आली की लोक म्हणतात, "स्वल्प अ‍ॅडजस्ट माडी", थोडं सांभाळून घ्या. माणसं घेतात. दोन राउटर मालकीच्या बाबतीत घेत नाहीत.

तर आता दुरुस्ती. क्रम महत्त्वाचा आहे, उड्या मारू नका.

पहिलं काम, दोष घरात आहे की घराबाहेर, ते ठरवा. लॅपटॉपवर दोन खिडक्या उघडा. एकीत आपल्या राउटरला पिंग लावा, बहुतेक १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१ असतो. दुसरीत बाहेरच्या एखाद्या पत्त्याला, उदाहरणार्थ ८.८.८.८. दोन्ही चालू ठेवा. अडखळताना फक्त दुसरी खिडकी थांबली, तर कंपनीला फोन करा. पहिलीही थांबली, तर दोष घरातच आहे. कंपनीच्या माणसाशी भांडण्याआधी ही पाच मिनिटं द्या.

दुसरं काम, वहीत घराचा नकाशा काढा. कोणता डबा कुठे, कोणता कशाला केबलने जोडलाय, कोणाचं वाय-फाय चालू आहे. मी हे केलं तेव्हा मला पहिल्यांदा दिसलं, की हॉलमध्ये दोन डबे एकाच नावाने ओरडत होते.

तिसरं काम, मालक एकच ठेवा. फोनच्या वाय-फाय सेटिंगमध्ये आयपी पत्ता दिसतो. हॉलमध्ये बघा, लिहा. आतल्या खोलीत जाऊन बघा, लिहा. पत्ता तोच राहिला पाहिजे. बदलत असेल तर दोन मालक आहेत. उपाय दोन. एक तर मेशच्या अ‍ॅपमध्ये जाऊन त्याला 'अ‍ॅक्सेस पॉइंट' किंवा 'ब्रिज' मोडवर टाका, म्हणजे पत्ते वाटणं कंपनीच्या डब्याकडेच राहील. नाहीतर कंपनीला सांगून त्यांचा डबा ब्रिज मोडवर करून घ्या. दोन्ही एकदम करू नका, मग पत्ते वाटायला कोणीच उरणार नाही. आणि कंपनीच्या डब्याचं स्वतःचं वाय-फाय बंद करा. ते मेशचा भाग नसतं, नाव सारखं ठेवलं तरी नसतं. आमचा प्रिंटर कधी दिसायचा, कधी गायब व्हायचा, तोही याच कामात सुधारला.

चौथं काम, दुसऱ्या डब्याची जागा. आपण काय करतो? जिथे नेट नाही तिथे डबा ठेवतो. पण जिथे नेट पोचत नाही, तिथे त्या डब्याला तरी कुठून पोचणार? डबा अर्ध्या वाटेवर ठेवा, जिथे अजून चांगला सिग्नल आहे. सिग्नल उणे आकड्यात मोजतात. उणे पन्नास उत्तम, उणे साठ-पासष्टपर्यंत चालतं, उणे सत्तरच्या पुढे डबा स्वतःच धापा टाकतो. लक्षात ठेवा, दहाचा फरक म्हणजे ताकद दहा पटींनी कमी. आमचा डबा आईच्या लोखंडी कपाटामागे होता. पॅसेजमधल्या फळीवर आणला. कपाट, फ्रिज, मोठा आरसा, सिमेंटची पाण्याची टाकी, यांच्यामागे राउटर ठेवू नका.

पाचवं, जमलं तर दोन डबे केबलने जोडा. बिनतारी मेशमध्ये एकच रेडिओ ऐकतो आणि तोच पुढे सांगतो, तेव्हा वेग साधारण निम्म्यावर येतो. केबल टाकली की ही झीज थांबते. एक खूण सांगतो : तुमचं नेट त्याहून वेगवान असूनही केबलवर आकडा नेमका चौऱ्याण्णवच्या आसपास अडकत असेल, तर केबलमधली एखादी जोडी तुटली असण्याची शक्यता मोठी. गिगाबिटला तारांच्या चारही जोड्या लागतात, शंभरच्या वेगाला दोनच पुरतात. केबलची टोकं पुन्हा बसवून घ्या.

सहावं, चॅनेल. २.४ गिगाहर्ट्झवर एकमेकांवर न चढणारे चॅनेल तीनच धरायचे : १, ६ आणि ११. आमच्यासारख्या सोसायटीत फोनवर वीस-वीस वाय-फाय दिसतात, सगळे याच तिघांत कोंबलेले. म्हणून जमेल ते ५ गिगाहर्ट्झवर न्या. तिथे काही चॅनेल रडारशी वाटून वापरायचे असतात. राउटरला रडारची चाहूल लागली, की नियमाने त्याला तो चॅनेल सोडावा लागतो आणि नेट क्षणभर जातं. अधूनमधून विनाकारण सगळ्या घराचं नेट जात असेल, तर चॅनेल ३६ ते ४८ मधला ठेवून बघा.

सातवं, वीज. दिवे गेले की फायबरच्या डब्याला यूपीएस असतो, पण पॅसेजमधला डबा मरतो आणि आपण कंपनीला शिव्या घालतो. दोघांनाही छोटा यूपीएस लावा. आणि सगळं बंद करून चालू करताना क्रम पाळा : आधी फायबरचा डबा, त्याचे दिवे स्थिर झाले की मेशचा मुख्य, मग बाकीचे.

शेवटचं, एका वेळी एकच गोष्ट बदला आणि वहीत लिहा. चार गोष्टी एकदम बदलल्या आणि सुधारलं, तर कशाने सुधारलं ते कळत नाही. बिघडलं तर त्याहून वाईट.

हे सगळं झाल्यावर मी घरात चाललो. फोन हातात, कॉल चालू, हॉल ते पॅसेज ते खोली आणि परत, तीन फेऱ्या. पॅसेजमध्ये आवाज क्षणभर अडखळला, तुटला नाही. मग आईला फोन दिला. तिने आधी लावायला नकार दिला. मी वहीतला नकाशा दाखवला, दोन डबे दाखवले आणि सांगितलं, "आई, फोन मावशी कापत नव्हती. मी कापत होतो."

तिने चष्मा लावून तो नकाशा नीट बघितला. मग म्हणाली, "आणि मी म्हैनाभर तिला नावं ठेवली." फोन लागल्यावर पहिलं वाक्य तेच होतं. मावशी तिकडे हसायला लागली, म्हणाली, मीही ठेवलीच.

मंडळी, घरातलं कोणी म्हणालं की नेट तुटतंय, तर वेगाचा आकडा त्यांच्या तोंडावर मारू नका. ते कुठे बसतात, कुठे चालतात, केव्हा तुटतं, ते शेजारी बसून बघा. तुमच्या घरचा नकाशा काढलात आणि दोन मालक सापडले, तर खाली लिहून कळवा.