भांडण कंपन्यांचं, टीव्ही बंद आपला

कामं उरकून रेडिओजवळ बसला असाल, नाहीतर हात भाकरीत आणि कान इकडे असतील. आज आम्ही टीव्हीबद्दल बोलणार आहोत. मालिकेतल्या सासूसुनांबद्दल नाही, तर ती मालिका बघण्यासाठी दर महिन्याला आपल्या घरातून जाणाऱ्या पैशांबद्दल.

2023 साल आठवून बघा. 18 फेब्रुवारी, महाशिवरात्रीचा दिवस. त्या दिवशी देशभरातल्या कितीतरी केबलच्या घरांत स्टार, झी आणि सोनी यांच्या वाहिन्या दिसेनाशा झाल्या. साडेचार कोटी घरांना फटका बसला, असं केबल कंपन्यांच्या संघटनेनं सांगितलं. तार तुटली नव्हती, वीज गेली नव्हती, लोकांनी बिलंही भरली होती. मग टीव्ही बंद का?

दुधाचं उदाहरण घेऊ. म्हैस एकीची, डेअरी दुसऱ्याची आणि दारोदार रतीब घालणारा तिसराच. टीव्हीचंही असंच आहे. मालिका आणि क्रिकेट दाखवणारी कंपनी म्हणजे वाहिनीची मालक. तिच्याकडून वाहिन्या घेऊन पुढे पाठवते ती केबल कंपनी, नाहीतर छत्रीवाली डीटीएच कंपनी. आणि आपल्या घरापर्यंत तार आणतो तो गावातला केबलवाला. पैसे उलट्या वाटेनं जातात. आपण केबलवाल्याला देतो, तो आपला वाटा ठेवून केबल कंपनीला देतो, आणि ती वाहिनीच्या मालकाला. म्हैसवालीचं आणि डेअरीचं दरावरून बिनसलं, की दूध थांबतं. चहा मात्र आपला राहतो.

तेव्हा बिनसलं होतं ते नव्या दरावरून. या धंद्याचे नियम भारतीय दूरसंचार नियामक प्राधिकरण, म्हणजे ट्राय, ही सरकारी संस्था ठरवते. नियम असा, की वाहिनीची किंमत मालक कंपनी ठरवू शकते, पण पॅकेजमध्ये घालायची असेल तर ती एका मर्यादेतच हवी. ही मर्यादा आधी 19 रुपये होती. 2020 मध्ये ट्रायनं ती 12 रुपयांवर आणली. मालक कंपन्या कोर्टात गेल्या. शेवटी नोव्हेंबर 2022 मध्ये मर्यादा पुन्हा 19 रुपये झाली आणि कंपन्यांनी 1 फेब्रुवारी 2023 पासून नवे दर लावले. बऱ्याच केबल कंपन्यांनी नवा करार करायला नकार दिला आणि त्यांची संघटना केरळ उच्च न्यायालयात गेली. ज्यांनी सही केली नाही, त्यांच्या वाहिन्या बंद झाल्या. आठवड्याभरात करार झाले आणि चित्र परत आलं.

दोघांचंही म्हणणं आपण ऐकून घेऊ. मालक म्हणतात, मालिका बनवायचा, क्रिकेटचे हक्क घ्यायचा खर्च वाढतो, मग दर का वाढवू नये? केबल कंपन्या म्हणतात, दर वाढला तर गिऱ्हाईक मोबाईलकडे नाहीतर फुकटच्या छत्रीकडे जाईल. दोघांच्या बोलण्यात तथ्य आहे. पण वाहिनीच्या मालकाला आपल्या वर्गणीशिवाय जाहिरातींचेही पैसे मिळतात, हे विसरू नका.

वाहिनी बंद झाली तर दोघांचंही नुकसानच आहे. तरी बंद का करतात? कारण आपण चिडतो. मालकाला वाटतं, बायका केबलवाल्याच्या दारात जाऊन ओरडतील आणि तो नमेल. केबल कंपनीला वाटतं, लोक वाहिनीला नावं ठेवतील. आपला राग हे त्यांचं हत्यार आहे. दिवसभर रान, गुरं, चूल करून बाई अर्धा तास टेकते, तो अर्धा तास या भांडणात डावावर लागतो. म्हणून गावातल्या केबलवाल्या पोराशी भांडू नका. दर त्यानं ठरवलेला नाही. त्याला शांतपणे हिशोब विचारा.

हिशोब असा. फेब्रुवारी 2019 पासून वाहिन्या निवडायचा हक्क आपल्याला आहे. बिलात दोन भाग असतात. एक जोडणीचं भाडं, दुसरा पैसे भरून घेतलेल्या वाहिन्यांचा. भाड्याची मर्यादा तेव्हा 130 रुपये होती. 18 टक्के जीएसटी धरून 153 रुपये 40 पैसे. 2024 मध्ये ही मर्यादा काढली, म्हणून आज आपल्या कंपनीचं भाडं किती, ते विचारायलाच हवं. समजण्यापुरतं 130 धरू. वर 19 रुपयांच्या दोन मराठी वाहिन्या घेतल्या, तर करासह 44 रुपये 84 पैसे. एकूण झाले 198 रुपये 24 पैसे. आता कुणी 300 रुपये भरत असेल, तर महिन्याला शंभराचा फरक. वर्षाला 1200. बारा जणींच्या गटाचे 14,400 रुपये. एवढ्यात गटातल्या एखादीला शेळीसाठी कर्ज देता येईल.

मग करायचं काय? पहिलं, दर महिन्याला पावती मागा. बिल घरधन्याच्या नावावर असलं तरी ती वाचायचा हक्क आपलाही आहे. दुसरं, घरात खरंच बघतात त्या वाहिन्या कागदावर लिहा. सासूबाईंची एक, पोरांची एक, आपली एक. तिसरं, त्या सुट्या घेऊन किती आणि पॅकेजमध्ये किती, दोन्ही विचारा. कधी पॅकेज स्वस्त पडतं, कधी नको असलेल्या दहा वाहिन्या गळ्यात पडतात. चौथं, वाहिनी बंद झाली तर कंपनीच्या ग्राहक क्रमांकावर तक्रार नोंदवा आणि तक्रारीचा नंबर लिहून ठेवा.

आणि ज्यांना महिन्याचं बिल जड जातं, त्यांनी डीडी फ्री डिशचा विचार करावा. ही सरकारी प्रसार भारतीची सेवा. छत्री आणि बॉक्स एकदाच घ्यायचा, महिन्याला काही नाही. सह्याद्री वाहिनी त्यावर दिसते. मात्र तिथंही खासगी वाहिन्या येतात-जातात. 1 एप्रिल 2022 पासून मोठ्या कंपन्यांनी स्टार उत्सव, झी अनमोल, कलर्स रिश्ते आणि सोनी पल या हिंदी वाहिन्या तिथून काढून घेतल्या होत्या. म्हणून घेण्याआधी शेजारच्या घरी जाऊन सध्या काय दिसतं, ते बघून या.

मैत्रिणींनो, गटाच्या वहीत आपण रुपया रुपया लिहितो. टीव्हीचं बिलही त्याच नजरेनं बघायचं. पुढच्या बैठकीला येताना प्रत्येकीनं आपली पावती आणा. एकत्र बसून वाचू, कुणाचे कशापायी जास्त जातात ते शोधू. एकटीनं विचारलं तर केबलवाला हसून टाळेल, बारा जणींनी मिळून विचारलं तर त्याला दर सांगावाच लागेल.

भेटू पुढच्या आठवड्यात. नमस्कार.