समुद्रावरील सौदा आणि गोंदियाचा खरेदीदार



धान, भातगिरण्या आणि तेंदूपाने यांच्या या जिल्ह्याचा जहाजांशी संबंध तो काय, असे प्रथमदर्शनी वाटेल. परंतु समजा, गोंदियाच्या एखाद्या गिरणीमालकाने परदेशी बनावटीचे तांदूळ निवडण्याचे यंत्र मुंबईच्या आयातदाराकडून घेतले आणि ते यंत्र अद्याप जहाजावरच आहे, तर तो सौदा समुद्रावरचाच होय. व्यापारात यास ‘हाय सी सेल’ म्हणतात.

अशा सौद्यात माल दिसत नाही; हाती येतात ते कागद. बिल ऑफ लेडिंग ही केवळ मालाची पोच नव्हे, तो मालकीचा दस्तऐवज आहे. त्यावर पृष्ठांकन करून तो सुपूर्द केला की मालकी बदलते. मुंबईच्या जे. व्ही. गोकल आणि कंपनीने साखर जहाजावर असतानाच तिचे कागद भारत सरकारच्या स्वाधीन केले होते. ही विक्री आयातीच्या ओघात झाली, सबब तीवर राज्याचा विक्रीकर बसत नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १९६० मध्ये दिला. ग्राहक प्रत्यक्ष सरकार होते, तरी वाद चुकला नाही!

१ जुलै २०१७ पासून वस्तू व सेवा कर आला, तत्त्व मात्र टिकले. माल देशांतर्गत वापरासाठी सोडविण्यापूर्वी पृष्ठांकनाने झालेली विक्री ‘पुरवठा’ ठरत नाही. एकात्मिक कर सीमाशुल्कासोबत एकदाच भरावा लागतो. तोही परदेशी विक्रेत्याच्या नव्हे, तर अखेरच्या खरेदीदाराने दिलेल्या किमतीवर. म्हणून सीमाशुल्क अधिकारी मूळ बीजकापासूनची सारी साखळी मागतात. मधल्या व्यापाऱ्यास ते बीजक दाखविणे जिवावर येते, कारण त्यात त्याचा नफा उघड होतो. खरेदीदाराने ही बाब करारापूर्वीच स्पष्ट करून घ्यावी.

सीमाशुल्क अधिनियम, १९६२ च्या कलम ४६ खालील बिल ऑफ एंट्री खरेदीदाराच्याच नावाने दाखल होते. त्यासाठी आयात-निर्यात संकेतांक त्याचा स्वतःचा हवा. सोबत विक्रीकरार, विक्रेत्याचे बीजक, पृष्ठांकित बिल ऑफ लेडिंग आणि विम्याचे कागद लागतात. कंटेनर नागपूरच्या अंतर्देशीय डेपोपर्यंत येणार असेल, तर हे सोपस्कार तेथेच पुरे होतात. कराराची तारीख जहाज निघाल्यानंतरची व ते बंदरास लागण्यापूर्वीची असावी. माल सोडविल्यावर केलेला करार म्हणजे साधी देशांतर्गत विक्री. तीवर कराची आकारणी निराळी होते.