वर्गासाठी छायाचित्रांची जुळणी
अनेक छायाचित्रांचे भाग एकाच चौकटीत जुळवून त्यांतून नवा अर्थ साधणारी रचना म्हणजे फोटोमोंताज. १९२० च्या सुमारास बर्लिनच्या दादावादी कलावंतांनी कात्री आणि गोंद यांनी गाजवलेले हे तंत्र आता पॉवरपॉइंटसारख्या सादरीकरणाच्या सॉफ्टवेअरमध्येही वापरता येते. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसचे, म्हणजे १८८८ मध्ये पूर्ण झालेल्या इमारतीचे, जुने छायाचित्र आजच्या छायाचित्रावर ठेवून त्याची पारदर्शकता वाढवली, म्हणजेच वरच्या चित्रातून खालचे दिसू दिले, की इमारत तीच असून भोवतालचा रस्ता किती पालटला, हे विद्यार्थी स्वतःच टिपतात. अर्थात दोन्ही छायाचित्रे साधारण एकाच कोनातून घेतलेली हवीत, नाहीतर नुसता गोंधळ होतो. सर्व घटक निवडून चित्र म्हणून जतन केले की एकच फाइल मिळते, जिच्यावर मूळ छायाचित्रांची वर्षे नोंदवणे सजावटीपेक्षा अधिक महत्त्वाचे ठरते.